रक्त न येणारी हिरडी

वाचकांचे प्रश्न : दात आणि हिरड्या

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं की हिरडीत रक्त कसं वाहतंय हे सोनोग्राफीच्या बारीक प्रोबने तपासता येतं. दोनच ओळी होत्या, पण त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्या प्रश्नांचा इतरांनाही उपयोग होईल ते निवडले आहेत. एकवीस वर्षं मी फक्त हिरड्यांवर काम करते आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं हा प्रोब माझ्या हातात आहे. त्यामुळे जिथे सांगण्यासारखं होतं तिथे हात आखडता घेतलेला नाही.

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं सिगारेट ओढतात. दात घासताना त्यांच्या हिरडीतून कधी थेंबभर रक्त आलं नाही, म्हणून ते कायम म्हणायचे, "माझ्या हिरड्या दगडासारख्या आहेत." आता खालचे पुढचे दोन दात हलायला लागले म्हणून दाखवलं, तर तिथलं हाड निम्मं गेलंय म्हणाले. मग हिरडीवर जेल लावून पेनसारखं काहीतरी धरलं, यंत्रातून सूं-सूं असा आवाज आला आणि "रक्तपुरवठा कमी आहे" असं सांगितलं. रक्त येत नाही म्हणजे हिरडी चांगली, हे खोटं का? आणि त्या आवाजात त्यांनी नेमकं काय ऐकलं?

उत्तर : तुमच्या वडिलांसारखं बोलणारी माणसं माझ्याकडे दर आठवड्याला येतात आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं. त्यांनी हयगय केलेली नसते. हिरडी गप्प होती, म्हणून ते निर्धास्त होते.

रक्त येणं वेगळं आणि रक्त वाहणं वेगळं. हिरडीला सूज आली की तिथल्या बारीक वाहिन्या फुगतात, नव्या फुटतात, दाताच्या बाजूचं पातळ अस्तर जागोजागी विरतं आणि ब्रश लागला की रक्त येतं. ती हिरडीची हाक असते. तंबाखूमुळे ही हाक दबते. निकोटीन बारीक वाहिन्या आवळतं आणि वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या हिरडीत सूज असूनही वाहिन्यांचं जाळं तेवढं वाढत नाही. दोघांच्या दातांवर सारखाच प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, असला तरी न ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त येईल आणि ओढणाऱ्याच्या हिरडीतून येणार नाही, किंवा फार कमी येईल. वरून हिरडी फिकट, जाड, घट्ट दिसते. खाली हाड झिजत असतं.

एक गोष्ट इथेच सांगते. सिगारेट ओढत असतानाच्या काही मिनिटांत हिरडीत काय होतं, याची मोजमापं एका सुरात बोलत नाहीत. रक्तदाब चढल्यामुळे तेवढ्या वेळापुरता प्रवाह वाढलेलाही आढळला आहे. नुकसान होतं ते वर्षांच्या हिशेबाने. त्यामुळे "दिवसाला दोनच तर ओढतो" हा युक्तिवाद हिरडीपुढे चालत नाही.

आता आवाजाबद्दल. १८४२ साली प्रागमध्ये ख्रिश्चन डॉपलर यांनी जोडताऱ्यांच्या रंगांवर एक निबंध मांडला. लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरी दाट होतात, दूर जात असेल तर विरळ होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी आगगाडीत कर्णेवाले बसवून हे कानांनी पडताळून पाहिलं. गाडी जवळ येताना सूर चढा ऐकू आला, दूर जाताना उतरलेला. पुढे १९५० च्या दशकात ओसाकामध्ये शिगेओ सातोमुरा यांनी माणसाला ऐकू न येणारा ध्वनी धडधडत्या हृदयावर सोडला आणि परत आलेल्या सुरातला फरक टिपला. तुमच्या वडिलांच्या हिरडीवर धरलेला पेन याच घराण्यातला, म्हणून या तपासणीलाही डॉपलरच म्हणतात.

त्याच्या टोकातून २० ते २५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोन ते अडीच कोटी कंपनांचा ध्वनी आत जातो. तो तांबड्या पेशींवर आपटून परततो. पेशी चालत असतात, म्हणून परतीचा सूर किंचित बदललेला असतो. गेलेला सूर आणि आलेला सूर यांतला जो फरक, तेवढाच यंत्र स्पीकरवर सोडतं. समजा, सूर २० मेगाहर्ट्झचा आहे आणि रक्त सेकंदाला ५ मिलिमीटर वेगाने सरळ प्रोबकडे येतंय. फरक निघतो सुमारे १३० हर्ट्झ. पुरुषाच्या बोलण्यातला खालचा सूर साधारण तिथेच असतो. हिरडीतल्या रक्ताची चाल नेमकी आपल्या कानाच्या टप्प्यात येऊन पडते, याचं मला नऊ वर्षांनंतरही नवल वाटतं. बारीक धमनी असेल तर नाडीच्या ठेक्यावर हुश्श-हुश्श ऐकू येतं आणि शिरेचा आवाज वाऱ्यासारखा सलग असतो. तुम्ही ऐकलेलं सूं-सूं हेच.

हाड गेलंय हे मात्र त्या आवाजावरून कळलेलं नाही. ते कळलं हिरडीच्या फटीत घातलेल्या खुणांच्या सळईने आणि एक्स-रेने. डॉपलरने इतकंच दाखवलं की या हिरडीत दुरुस्तीचा माल कमी पोहोचतोय, म्हणजे उपचारांनंतर भरून येण्याची चाल मंद असेल. वडिलांना तंबाखू सोडायला सांगा, आणि सोडताना एक गोष्ट आधीच कानावर घाला. सोडल्यानंतर काही आठवड्यांत हिरडीतून रक्त येणं सुरू होऊ शकतं. माझ्याकडच्या एका गृहस्थांनी ते पाहून घाबरून पुन्हा सिगारेट धरली होती, "सोडल्यावरच बिघडलं" म्हणून. ते बिघडणं नव्हतं. दबलेली हाक पुन्हा ऐकू येत होती. अशा वेळी दात स्वच्छ करून घ्यायचे आणि ब्रश चालू ठेवायचा.

प्रश्न : दात साफ करायचं यंत्रही अल्ट्रासोनिकच असतं ना? मग हिरडी तपासताना तेच वापरतात का? माझे दात आधीच कमजोर आहेत, आणखी हलतील अशी भीती वाटते.

उत्तर : नाव एक, काम निराळं. कीटण काढणाऱ्या यंत्राचं धातूचं टोक सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने कीटणाचे कपचे उडतात. टोक तापू नये म्हणून पाणी सोडावं लागतं. तपासणीच्या प्रोबमधला ध्वनी त्याच्या जवळपास हजारपट वेगाने कंपणारा, पण अतिशय हलका असतो. तो काही खरवडत नाही, टोचत नाही, दाताला हलवत नाही. तुम्हाला जाणवेल तो फक्त जेलचा गारवा.

हलणारे दात कीटण काढल्याने कमजोर होतात हेही खरं नाही. कीटणाच्या आधाराने टेकून राहिलेला दात कीटण गेल्यावर हलताना जाणवतो, इतकंच. त्याचं हाड आधीच गेलेलं असतं.

प्रश्न : माझ्या हिरडीच्या सोनोग्राफीचा छापील फोटो मिळाला आहे. त्यात लाल ठिपके थोडे आणि निळे जास्त आहेत. निळं म्हणजे अशुद्ध रक्त साठलंय का? दोन रात्री झोप लागलेली नाही.

उत्तर : आज रात्री नीट झोपा. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं त्या फोटोत काहीही नाही.

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगवलेल्या असतात आणि तेच डोक्यात बसलेलं असतं. कलर डॉपलरमधला रंग फक्त दिशा सांगतो. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल आणि प्रोबपासून दूर जाणारं निळं. प्रोब उलट बाजूने धरला तर त्याच वाहिनीतलं तेच रक्त रंग बदलेल. यंत्रावर एक बटण असतं, ते दाबलं की सगळे रंग जागच्या जागी उलटे होतात. हिरडीतल्या बारीक वाहिन्या तर वेटोळ्या घेत जातात. एकच वाहिनी चढताना लाल आणि वळून उतरताना निळी दिसते.

आणखी एक गंमत अशी की वेग ठरवलेल्या पट्टीपेक्षा जास्त झाला तर यंत्र गोंधळतं आणि लाल वाहिनीच्या मधोमध निळा ठिपका उमटवतं. फोटोच्या कडेला एक उभी रंगपट्टी असते, तिच्या दोन टोकांना आकडे असतात. ती पट्टी पाहिल्याशिवाय फोटो वाचू नये. पट्टी न दाखवता नुसता फोटो रुग्णाच्या हातात दिला जातो, हे मला मुळीच पटत नाही. तुमच्या दोन रात्री त्यामुळेच गेल्या.

हिरडीसाठी मी स्वतः पॉवर डॉपलर जास्त वापरते. ही पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. तिच्यात दिशा कळत नाही, सगळं एकाच रंगाच्या कमी-जास्त छटांत दिसतं, पण संथ आणि बारीक प्रवाह ती जास्त चांगला पकडते. आणि रुग्ण घाबरत नाहीत.

प्रश्न : मी दंतवैद्यकाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रबंधासाठी २० मेगाहर्ट्झच्या पेन्सिल प्रोबने हिरडीतला प्रवाह मोजते. त्याच रुग्णाच्या, त्याच दातापाशी, दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींत कधीकधी दुपटीचा फरक येतो. यंत्र बिघडलंय की मीच चुकतेय? मॅडम, कृपया सविस्तर लिहा.

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे. चूक हातात असते. माझी होती तशीच.

सुरुवातीच्या वर्षी मी सोळा जणांच्या हिरड्या मोजल्या होत्या. पुढच्या दातांपाशी प्रवाह भरपूर, मागच्या दाढांपाशी जवळजवळ नाहीच. मी त्याची कारणमीमांसा लिहायलाही घेतली होती. एक दिवस माझ्या सहायक बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मागे तुम्ही प्रोब उचलता ना, तेव्हा खाली पांढरा ठिपका राहतो." मी आरसा घेऊन पाहिलं. खरंच होतं. दाढांपर्यंत पोहोचताना गाल ओढावा लागतो, मनगट वळतं, करंगळी टेकायला दात सापडत नाही आणि हाताचा सगळा भार प्रोबच्या टोकावर येतो. मी स्वतःच रक्त दाबून थांबवत होते आणि रक्त नाही असं लिहून ठेवत होते. सोळाच्या सोळा नोंदी बाद केल्या. त्या बाईंचे मी आजही उपकार मानते.

किती भाराने असं होतं, याचा कागदावरचा हिशेब करून पाहा. केशवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास धरा. प्रोबच्या टोकाचं क्षेत्रफळ ४ चौरस मिलिमीटर धरा. तो दाब मोडायला लागणारा भार निघतो जेमतेम दीड ग्रॅम! हिरडीचा स्वतःचा ताठपणा थोडा भार सोसेल, पण हिशेबाचा अर्थ तोच. "हलकेच टेकवला" हे पुरेसं नाही. प्रोब हिरडीला टेकताच कामा नये. मध्ये मिलिमीटरभर जेलचा थर ठेवा आणि त्या थरातून मोजा. जेलमध्ये बुडबुडा नको, लाळेचा फेस नको, कारण हवेपाशी हा ध्वनी अडतो आणि तुम्हाला शांतता ऐकू येते. ती शांतता रक्त थांबल्याची नसते.

दुसरा मुद्दा कोनाचा. मघाशी एका उत्तरात १३० हर्ट्झचा हिशेब दिला आहे, तो प्रवाह सरळ प्रोबच्या रेषेत असेल तर. प्रोब ६० अंशांत कलला तर तोच आकडा निम्मा, ६५ हर्ट्झ होतो. काटकोनात धरला तर शून्य. रक्त तसंच वाहतंय, तुमच्या दोन नोंदींत मात्र दुपटीचा फरक! हिरडीत वाहिन्या इतक्या दिशांनी गेलेल्या असतात की खरा कोन तुम्हाला कधीच कळणार नाही. तो निदान दरवेळी तोच राहील एवढं पाहा. रुग्णाच्या दातांचा ठसा घेऊन ॲक्रिलिकचा साचा करा, त्यात प्रोबच्या मापाचं भोक ठेवा आणि दर वेळी त्याच भोकातून मोजा. मेहनत लागते. पण अशा साच्याशिवाय घेतलेल्या दोन दिवसांच्या नोंदींची तुलना मी परीक्षक म्हणून मान्य करणार नाही.

तिसरा मुद्दा हाताच्या थरथरीचा. निरोगी हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरत असतो. थरथर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी धरली तरी तिचा वेग सेकंदाला ३ मिलिमीटरपर्यंत जातो आणि केशवाहिनीत रक्त सेकंदाला मिलिमीटरभरही चालत नाही. म्हणजे रक्तापेक्षा तुमचा हात जोरात धावतोय. यंत्रातला फिल्टर मंद हालचाल गाळून टाकतो, पण त्या गाळण्यात केशवाहिन्यांचं रक्तही वाहून जातं. आपण मोजतो ते मुख्यतः जरा मोठ्या, बारीक धमन्यांचं आणि शिरांचं. प्रबंधात "केशवाहिन्यांतला प्रवाह" असं लिहिलं असेल तर तो शब्द बदला.

बाकीचं थोडक्यात. रुग्णाला आधी दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसू द्या. ओठ ताणून धरू नका, ताणलेली हिरडी फिकी पडते. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर मोजूच नका, कारण त्यातलं ॲड्रेनलिन वाहिन्या आवळतं. तोंडाने श्वास घेणाऱ्या रुग्णाची पुढची हिरडी कोरडी आणि गार होते, तशी नोंद करून ठेवा. एका जागी तीन नोंदी घ्या आणि मधली धरा. शेजारच्या निरोगी दातापाशीही तितक्याच नोंदी घेऊन दोन्हींचं गुणोत्तर मांडा, कारण एकटा आकडा फार बोलत नाही.

लेझर डॉपलरशी तुलना करायची असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिथे ध्वनीऐवजी प्रकाश असतो. तो मिलिमीटरभर आत शिरतो आणि उत्तर सापेक्ष एककांत देतो. तुमचा ध्वनी त्याहून खोल जातो. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत म्हणून खचून जाऊ नका, दोघं हिरडीचे वेगवेगळे थर वाचत असतात.

प्रश्न : खालच्या पुढच्या दाताची हिरडी खाली सरकली म्हणून टाळूवरचा तुकडा काढून तिथे लावला आहे. आज पाचवा दिवस. तुकडा पांढरट दिसतोय. डॉक्टरांनी दहाव्या दिवशी डॉपलरने रक्त आलंय का पाहू असं सांगितलं आहे. इतके दिवस तो तुकडा रक्ताशिवाय जगतो कसा? पांढरा पडला म्हणजे मेला का?

उत्तर : पाचव्या दिवशीचा पांढरटपणा बहुतेक वेळा वरच्या कातडीचा असतो. लावलेल्या तुकड्याचा अगदी वरचा थर पहिल्या आठवड्यात गळून जातो आणि त्याच्या जागी कडेने नवा थर सरकत येतो. खालचा भाग जिवंत असतो. वास, पू, वाढती वेदना किंवा तुकडा सुटा होऊन हलणं, यांपैकी काही असेल तर दहाव्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच जा.

तुकडा जगतो कसा, हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद झाला, कारण हिरडीच्या सगळ्या शस्त्रक्रियांत मला हे सर्वांत विलक्षण वाटतं. टाळूवरून कापताना त्याचे सगळे धागे तुटलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस तो नुसत्या झिरपण्यावर तग धरतो. खालच्या जखमेतून पाझरणारा द्रव त्याला भिजवत ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खालून बारीक केशवाहिन्या वर फुटू लागतात आणि तुकड्यातल्या जुन्या वाहिन्यांना काही ठिकाणी जाऊन मिळतात. आठवडा ते दहा दिवसांत रक्त फिरू लागतं. डॉक्टरांनी दहावा दिवस निवडला तो म्हणूनच. त्या आधी आवाज ऐकू आला नाही तरी त्यावरून काही ठरवता येत नसतं आणि प्रोबचा चुकार दाबही त्या कोवळ्या वाहिन्यांना नको असतो.

दाताचं उघडं मूळ झाकायचं असेल तर काम आणखी अवघड होतं. मुळाच्या टणक पृष्ठभागावर एकही रक्तवाहिनी नसते. त्यावर टेकलेला मधला भाग फक्त बाजूंनी येणाऱ्या रक्तावर अवलंबून असतो. म्हणून तुकडा दोन्ही कडांना पुरेसा रुंद घेतात आणि डॉपलर धरतानाही आधी कडा आणि मग मध्य असं ऐकत जातात. कडेला आवाज आणि मध्यावर शांतता असेल तरी दहाव्या दिवशी मी निराश होत नाही, आणखी आठवड्याने पुन्हा ऐकते.

तुम्हाला एकच विनंती. ओठ खाली ओढून आरशात पाहणं बंद करा. तुमच्या पत्रावरून तुम्ही रोज पाहताय हे कळतं. त्या एका ओढीने तुकडा खालच्या जखमेवरून केसभर सरकतो आणि नुकत्या जुळलेल्या वाहिन्या तुटतात.

टाळूवरून तुकडा काढण्याआधीही डॉपलरचा उपयोग होतो. टाळूत दाढांच्या बाजूने एक मोठी धमनी पुढे जाते. मध्यम उंचीच्या टाळूत ती दातांच्या मानेपासून साधारण १२ मिलिमीटरवर असते, उथळ टाळूत त्याहून जवळ. आम्ही हे अंदाजाने शिकलो. आता कापण्यापूर्वी तिचा ठेका ऐकता येतो, आणि मी तो ऐकल्याशिवाय सुरी लावत नाही.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. हिरड्या सुजून रक्त येतं. हिरडीची सोनोग्राफी केली तर बाळाला त्रास होईल का?

उत्तर : होणार नाही. हा ध्वनी इतका बारीक लहरींचा आहे की मऊ पेशींतून सेंटीमीटरभर आत जाईतो त्याची ताकद दहाव्या हिश्श्यावर येते आणि दोन सेंटीमीटरवर शंभराव्या. तो जबड्यापलीकडे पोहोचत नाही. पण तुम्हाला या तपासणीची गरजच नाही. या दिवसांत संप्रेरकांमुळे हिरडीतल्या वाहिन्या फुगतात आणि थोड्याशा प्लाकनेही जास्त सुजतात, हे न मोजताही ठाऊक आहे. गरज आहे ती दात स्वच्छ करून घेण्याची. गरोदरपणात ते करता येतं आणि पाचवा महिना त्यासाठी सोयीचाच. रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका.

प्रश्न : हे सगळं वाचून वाटतं की दर सहा महिन्यांनी हिरडीचं डॉपलर करून घ्यावं. आमच्या डॉक्टरांकडे ही सोय नाही. आम्ही मागे पडतोय का?

उत्तर : नाही. ज्या यंत्रावर मी इतकं प्रेम करते त्याबद्दल हे लिहिताना मला जड जात नाही.

हिरडीचा आजार ओळखायला आजही टोकाशी गोल असलेली, मिलिमीटरच्या खुणांची सळई लागते. ती साधारण २५ ग्रॅमच्या हलक्या जोराने दात आणि हिरडी यांच्या फटीत सोडायची. तीन मिलिमीटरपर्यंत खोली असेल तर ठीक, त्यापुढे लक्ष द्यायचं. आणि काढल्यावर रक्त आलं का ते पाहायचं. तंबाखू न घेणाऱ्या माणसाच्या हिरडीत तपासणीमागून तपासणी रक्त येत नसेल तर तिथे सगळं स्थिर आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. एकदा रक्त आलं म्हणजे हाड जाणारच, असं मात्र नाही.

साध्या डोळ्यांनी किती कळतं याचं उदाहरण १९६५ चं आहे. हॅराल्ड लो या दंतसंशोधकांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. डॉपलर नव्हतं, काही अडलं नाही.

डॉपलर मी काढते ते ठरावीक ठिकाणी. लावलेला तुकडा जगतोय का हे पाहायचं असेल तेव्हा. तंबाखू घेणाऱ्याच्या गप्प हिरडीत, जिथे रक्त येण्या न येण्यावर भिस्त ठेवता येत नाही. आणि इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताच्या, भोवती, कारण खऱ्या दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंमधून जे रक्त हिरडीला मिळतं, ते इम्प्लांटपाशी नसतं. तिथली हिरडी मुळातच कमी रक्तावर जगते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात तोंडात मावतील अशा प्रोबने हिरडी, हाडाची कड आणि प्रवाह एकत्र पाहण्याचं काम चालू आहे, त्याकडे माझे डोळे लागलेले असतात. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तर २०१७ मध्ये डुकरांच्या जबड्यांवर, कटलफिश या सागरी जिवाची शाई हिरडीच्या फटीत सोडून, तिच्यावर प्रकाश सोडून आणि परतणारा ध्वनी ऐकून हिरडीच्या फटीची खोली मोजून दाखवली गेली. सळई न टोचता! तो प्रवाहाचा अभ्यास नव्हता, पण वाचला त्या दिवशी मी विद्यार्थ्यांना वर्गात तोच सांगत बसले.

तुमच्या डॉक्टरांकडे यंत्र नाही, सळई नक्की आहे. पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की त्यांना म्हणा, सगळ्या दातांभोवती खोली मोजा, कुठे कुठे रक्त आलं ते कागदावर लिहा आणि तो कागद मला द्या. सहा महिन्यांनी जाताना तो बरोबर घेऊन जा.